पायलटची लेखी परीक्षा आणि लायसन्स नंबर १ : जेआरडी टाटांची गोष्ट

गेल्या महिन्यात धानोऱ्याहून माझ्या मामेभावाचा व्हॉट्सॲपवर मेसेज आला. धानोरा म्हणजे आपल्या नंदुरबार जिल्ह्यातलं गाव. भाऊ बारावी सायन्सला आहे आणि सध्या डोक्यात एकच खूळ आहे, पायलट व्हायचं. त्याने एका पुस्तकाच्या पानाचा फोटो पाठवला होता. त्यात गणित होतं : विमानाचा वेग ताशी १६० किलोमीटर, बाजूने वारा ताशी ३० किलोमीटर, तर विमानाचं तोंड वाऱ्याकडे किती अंश वळवायचं? खाली रडका इमोजी, आणि प्रश्न असा की दादा, विमान तर हाताने चालवायचं असतं, मग हे पेपर कशाला? जीपीएस आहे ना!

मी आधी दोन ओळींचं उत्तर टाइप केलं आणि पुसून टाकलं. कारण या प्रश्नाचं चांगलं उत्तर एका माणसाच्या आयुष्यात मिळतं. भारतात दिलं गेलेलं पहिलं पायलट लायसन्स ज्यांच्या नावावर आहे, त्या जेआरडी टाटांच्या. त्यांची लायसन्सची परीक्षा आजच्या मानाने फारच सोपी होती. आणि आज पेपरात जे जे विचारतात, त्यातलं बरंचसं त्यांना नंतर हवेत, एकट्याने शिकावं लागलं.

किनाऱ्यावरचे शेजारी

जहांगीर रतनजी दादाभॉय टाटा यांचा जन्म २९ जुलै १९०४ चा, पॅरिसचा. वडील रतनजी दादाभॉय हे जमशेटजी टाटांच्या नात्यातले आणि धंद्यातले साथीदार. आई सुझान फ्रेंच. त्यामुळे पोराचं लहानपण थोडं फ्रान्समध्ये, थोडं मुंबईत, मध्येच जपानमध्ये असं विखुरलेलं. शाळा सारख्या बदलत होत्या.

उत्तर फ्रान्समध्ये आर्दलो नावाचं समुद्रकाठचं गाव आहे. उन्हाळ्यात टाटा कुटुंब तिथे राहायला जायचं. तिथे शेजारी कोण, तर लुई ब्लेरियो. १९०९ मध्ये विमानाने इंग्लिश खाडी ओलांडणारा पहिला माणूस. आपल्या शेजारी रोहित शर्मा राहायला यावा तसंच हे. ब्लेरियोच्या कंपनीची विमानं त्या वाळूवर उतरायची आणि छोटा जहांगीर ती बघत उभा राहायचा. पंधराव्या वर्षी त्याला एका विमानातून फेरी मारायला मिळाली. पुढे आपणही हेच करायचं, हे तिथे ठरलं.

पण लगेच काही झालं नाही. केंब्रिजला जाऊन इंजिनिअरिंग करायचा बेत होता. मध्ये फ्रेंच नागरिक म्हणून वर्षभर सैन्यात नोकरी झाली. १९२५ मध्ये वडिलांनी मुंबईला बोलावून घेतलं आणि टाटांच्या ऑफिसात बिनपगारी उमेदवार म्हणून बसवलं. १९२६ मध्ये वडील गेले. २२ व्या वर्षी घरची जबाबदारी आणि टाटा सन्सचं संचालकपद एकदमच अंगावर आलं. केंब्रिज राहिलं ते राहिलंच. ज्या माणसाच्या हाताखाली पुढे हजारो इंजिनिअर काम करणार होते, त्याच्याकडे स्वतःची डिग्री नव्हती. मी स्वतः चार वर्षं घासून डिग्री घेतलेला माणूस आहे, त्यामुळे हे वाचून थोडं टोचतं, पण खरं आहे.

जुहूचं मैदान आणि पाच वेळा ८

१९२८ मध्ये मुंबईत बॉम्बे फ्लाइंग क्लब सुरू झाला. जागा जुहू. आजच्या जुहू एअरपोर्टवर आता मुख्यतः हेलिकॉप्टर दिसतात. तेव्हा ते खाजणाजवळचं ओलसर सपाट मैदान होतं. क्लबकडे डी हॅविलंड कंपनीची मॉथ विमानं होती. दोन पंखांवर दोन पंख, लाकूड आणि कापड, दोन उघड्या सीटा. तोंडावर वारा, डोळ्यांवर गॉगल.

जेआरडी शिकायला लागले आणि शिक्षकाबरोबर फक्त ३ तास ४५ मिनिटं उडून त्यांनी पहिलं एकट्याचं उड्डाण केलं. हा आकडा परत वाचा. आजचा विद्यार्थी साधारण पंधरा-वीस तास शिक्षकाबरोबर उडतो, तेव्हा कुठे त्याला एकट्याने एक चक्कर मारू देतात. १० फेब्रुवारी १९२९ ला लायसन्स हातात आलं. एरो क्लब ऑफ इंडिया अँड बर्मा या संस्थेने दिलेलं, निळ्या-सोनेरी रंगाचं छोटंसं पुस्तक. नंबर १.

इथे एक दुरुस्ती करतो, कारण फॉरवर्डमध्ये हे नेहमी चुकतं. जेआरडी हे विमान उडवणारे पहिले भारतीय नव्हेत. पहिल्या महायुद्धात इंद्रलाल रॉय आणि आपल्या मुंबईचे श्रीकृष्ण वेलिंगकर यांच्यासारखे तरुण ब्रिटिशांच्या रॉयल फ्लाइंग कोअरमधून लढले आणि दोघेही १९१८ मध्ये त्यातच गेले. जेआरडींचा पहिला नंबर आहे तो भारतात दिलेल्या लायसन्सचा.

तर मग परीक्षेत काय असायचं? १९१९ मध्ये पॅरिसला हवाई वाहतुकीचा एक आंतरराष्ट्रीय करार झाला होता. खासगी पायलटची चाचणी कशी घ्यायची हे त्याच्या एका परिशिष्टात दिलं होतं. जमिनीवर ५०० मीटर अंतरावर दोन खांब. त्यांच्याभोवती पाच वेळा इंग्रजी ८ चा आकार काढायचा. मग उंचावर जाऊन इंजिन बंद करायचं आणि तरंगत येऊन ठरवलेल्या खुणेजवळ उतरायचं. झालं उड्डाण. डोक्यातलं ज्ञान किती तपासायचं? दिव्यांचे आणि खुणांचे नियम, हवेत कोणी कोणाला वाट द्यायची, विमानतळाभोवती कसं फिरायचं आणि हवाई कायद्याची कामापुरती माहिती. बस. वारा, ढग, होकायंत्र, इंजिन यांचं नावही त्या यादीत नव्हतं.

ते चुकीचं होतं असं नाही. या लायसन्सवाल्याने मैदानाच्या आसपास उडावं, संध्याकाळी खाली यावं आणि चहा प्यावा, अशीच अपेक्षा होती. जुहूवरून उडून जुहूवरच उतरणाऱ्याला नेव्हिगेशन कशाला? समुद्र एका बाजूला, गाव दुसऱ्या बाजूला. रस्ता चुकायला जागाच नाही.

लायसन्स मिळून सव्वा वर्ष होतंय, तोच हा माणूस कराचीहून लंडनला एकटा निघाला.

आगा खान यांची शर्यत

१९२९ च्या अखेरीस आगा खान यांनी ५०० पौंडांचं बक्षीस लावलं. इंग्लंड ते भारत किंवा भारत ते इंग्लंड, एकट्याने आणि ठरलेल्या मुदतीत, पहिल्यांदा उडणाऱ्या भारतीयाला. तिघेजण उतरले. मनमोहन सिंग, १७ वर्षांचा अस्पी इंजिनिअर आणि जेआरडी. पहिले दोघे इंग्लंडकडून निघाले, जेआरडी मे १९३० मध्ये कराचीकडून.

आता तुम्ही त्या कॉकपिटमध्ये बसा. वर छप्पर नाही. रेडिओ नाही. खाली इराणचा किनारा, मग बसरा, बगदाद, पुढे वाळवंट, मग इजिप्त, मग समुद्र. मांडीवर नकाशा, समोर होकायंत्र, हातात घड्याळ. जीपीएसची निळी टिकली तुम्हाला सांगते की तू इथे आहेस. जेआरडींना ती टिकली स्वतः नकाशावर काढायची होती, आणि ती चुकली तर सांगणारं कोणी नव्हतं.

या पद्धतीला डेड रेकनिंग म्हणतात. तत्त्व शाळेतलंच आहे : वेग गुणिले वेळ बरोबर अंतर. अमुक दिशेने, अमुक वेगाने, इतकी मिनिटं उडलो, म्हणजे मी इथे असायला हवा. पण यात दोन खड्डे आहेत.

पहिला खड्डा वारा. विमान हवेत असतं आणि हवा स्वतः सरकत असते. तापी किंवा नर्मदेला पाणी असताना नाव समोरच्या काठाकडे सरळ वल्हवली, तर ती खाली कुठेतरी लागते, तसंच. आता भावाच्या गणिताकडे येऊ. विमान ताशी १६०, बाजूचा वारा ताशी ३०. पायलट लोक यासाठी ६० ची एक सोपी युक्ती वापरतात. ६० किलोमीटर जाताना तुम्ही १ अंश चुकलात, तर साधारण १ किलोमीटर बाजूला पडता. मग १६० किलोमीटर जाताना वारा ३० किलोमीटर ढकलत असेल, तर ३० भागिले १६० गुणिले ६०, म्हणजे ११ अंशांच्या जरा वर. तेवढं तोंड वाऱ्याकडे वळवून ठेवायचं, म्हणजे विमान तिरकं दिसलं तरी जाईल सरळ. समजा वळवलंच नाही, आणि पावणेचार तास तसेच उडत राहिलात? तर ठिकाणापासून ११० किलोमीटर बाजूला. धुळ्याला जायला निघालेला माणूस जळगावपर्यंत भरकटतो म्हणा ना. वाळवंटावर एवढी चूक झाली, तर पेट्रोल संपेपर्यंत कळतही नाही.

दुसरा खड्डा होकायंत्र. ते खऱ्या उत्तरेकडे बघत नाही, चुंबकीय उत्तरेकडे बघतं. दोन्हींतला फरक जागेप्रमाणे बदलतो. आपल्या महाराष्ट्रात तो जेमतेम आहे, म्हणून आपल्याला कधी जाणवत नाही. पण १९३० मध्ये इंग्लंडात तो १० अंशांहून जास्त होता. म्हणजे कराचीहून निघालेला माणूस जसजसा पश्चिमेला जाणार, तसतशी त्याला बेरीज-वजाबाकी बदलत न्यावी लागणार. शिवाय विमानातलं लोखंड आणि इंजिन होकायंत्राला आपल्याकडे ओढतं, ती चूक वेगळी. आणि विमान वळत असताना किंवा वेग वाढत असताना काटा थोडा वेळ चक्क खोटं बोलतो.

तुमच्या खिशात हाच प्रकार आहे. फोनमध्ये मॅग्नेटोमीटर नावाची चिप असते. फोनच्या स्पीकरमधलं चुंबक आणि मागचं मॅग्नेटवालं कव्हर तिला फसवतं. मॅप उघडल्यावर बाण भलतीकडे दाखवतो, तेव्हा ॲप सांगतं की फोन हवेत ८ च्या आकारात फिरवा. फोन सगळ्या बाजूंनी फिरला की स्वतःचं लोखंड कुठे आणि पृथ्वीचं चुंबक कुठे, हे चिपला वेगळं करता येतं. मग खऱ्या उत्तरेचा फरक फोन आतल्या तक्त्यावरून स्वतःच जोडून घेतो. जेआरडींनी जुहूला काढलेल्या ८ चा याच्याशी काही संबंध नाही, पण मला गंमत वाटली म्हणून सांगितलं.

शर्यतीत मनमोहन सिंग पोचले, पण मुदतीच्या हिशेबात बसले नाहीत. उरले दोघे, समोरासमोरून येणारे.

स्पार्क प्लग

इजिप्तमध्ये अलेक्झांड्रियाजवळ अबूकीर नावाचा हवाई तळ होता. जेआरडी तिथे उतरले तर एक मॉथ आधीच उभं. ते अस्पीचं. त्याच्या इंजिनाचे स्पार्क प्लग गेले होते आणि बदली प्लग मिळत नव्हते, म्हणून पोरगा अडकून पडला होता. जेआरडींनी आपल्याजवळचे जादा प्लग काढून दिले. अस्पीने आपलं लाइफ जॅकेट त्यांना दिलं, कारण समुद्र आता जेआरडींना ओलांडायचा होता. दोघे दोन दिशांना उडाले. अस्पी काही तासांच्या फरकाने शर्यत जिंकला.

ही गोष्ट सहसा दिलदारपणाची म्हणून सांगतात, आणि ती आहेच. पण इंजिनिअरच्या नजरेने बघा. जादा प्लग जेआरडींच्या सामानात का होते? कारण ते इंजिन कुठे दगा देतं हे त्यांना माहीत होतं. विमानाच्या पिस्टन इंजिनात प्रत्येक सिलिंडरला दोन प्लग असतात आणि त्यांना वीज देणारे मॅग्नेटोही दोन. एक गेला तरी दुसऱ्यावर इंजिन चालावं म्हणून. पण एका बाजूचे प्लग काजळले की ताकद कमी होते आणि पुढे वाळवंट किंवा समुद्र असेल तर कोणी शहाणा माणूस निघत नाही. आज धुळ्याला किंवा बारामतीला शिकणारा विद्यार्थीही उड्डाणाआधी एकेक मॅग्नेटो बंद करून इंजिनाचे फेरे किती पडतात ते बघतो. टेक्निकलच्या पेपरात यावर प्रश्न असतात : फेरे जास्त पडले तर काय समजायचं, अजिबात पडलेच नाहीत तर काय समजायचं. दुसरा प्रकार जास्त वाईट, बरं का. स्विच बंद करूनही फरक पडत नसेल तर मॅग्नेटो बंदच होत नाहीये, आणि उभ्या विमानाचा पंखा कोणी हाताने फिरवला तर इंजिन सुरू होऊन हात जाऊ शकतो.

अस्पी इंजिनिअर पुढे भारतीय हवाई दलात गेले आणि १९६० मध्ये दलाचे प्रमुख झाले. जेआरडींना हरल्याचं वाईट वाटल्याचं कधी दिसलं नाही. त्याच वर्षाच्या शेवटी त्यांनी थेल्मा विकाजी यांच्याशी लग्न केलं. ओळख कशी झाली, तर जोरात गाडी चालवल्याची केस अंगावर आली आणि ते थेल्माच्या वकील काकांकडे गेले. ट्रॅफिकचे नियम पायलटलाही लागू असतात, एवढंच म्हणतो.

स्लाइड रूल घेऊन कराची ते जुहू

नेव्हिल व्हिन्सेंट नावाचा एक माजी ब्रिटिश हवाई दल वैमानिक टाटांकडे एक योजना घेऊन आला होता. लंडनहून येणारं टपाल इम्पीरियल एअरवेजचं विमान कराचीला टाकतं, तिथून पुढे आपण नेऊ. दोन लाख रुपये भांडवल घालायला टाटा सन्स तयार झाली. सरकारकडून अनुदान शून्य, फक्त टपालाच्या वजनाचे पैसे.

१५ ऑक्टोबर १९३२. सकाळी साडेसहाच्या सुमारास जेआरडी कराचीच्या ड्रिघ रोडवरून पुस मॉथ घेऊन निघाले. टपाल २५ किलो. अहमदाबादला पेट्रोल भरायचं. ते डबे बैलगाडीतून आले होते. दुपारी पावणेदोनच्या जरा पुढे जुहू. तिथून व्हिन्सेंट टपाल घेऊन बळ्ळारीमार्गे मद्रासला गेला.

जेआरडींच्या जवळ साधन काय होतं? गॉगल आणि स्लाइड रूल. स्लाइड रूल म्हणजे सरकणारी आकडेपट्टी. लॉगरिदमच्या अंतरावर आकडे छापलेले असतात, पट्ट्या सरकवल्या की गुणाकार-भागाकार होतो. बॅटरी नाही, स्क्रीन नाही. तुम्हीच करून बघा : कराची ते अहमदाबाद सरळ रेषेत साधारण ६०० किलोमीटर, अहमदाबाद ते जुहू ४४० च्या आसपास. पुस मॉथ ताशी १६० ने जातं असं धरा. पावणेचार तास अधिक पावणेतीन तास, म्हणजे साडेसहा. प्रत्यक्षात लागले सव्वासात. मधली पाऊण तास म्हणजे बैलगाडीवरचे डबे. इतकं चोख जमतं, कारण हिशेब आधीच कागदावर झालेला असतो.

आजच्या विद्यार्थ्यांकडेही हीच पट्टी आहे, फक्त ती गोल असते. फिरवायची चकती, एका बाजूला वेळ-वेग-इंधन, दुसऱ्या बाजूला वाऱ्याचा त्रिकोण. फोन परीक्षेत नेता येत नाही. आणि हवेतही, फोन गरम होऊन बंद पडला किंवा सिग्नल जाम झाला, की पायलटच्या हाताशी हेच उरतं. जीपीएसचे खोटे सिग्नल सोडून विमानांना चकवण्याचे प्रकार हल्ली युद्धाच्या भागांजवळ सर्रास होतात. त्यामुळे हे जुनं ज्ञान आहे असं समजून उडवून लावू नका.

पावसाने जुहूचं मैदान

हवामानाचा पेपर बऱ्याच मुलांना घोकंपट्टीचा वाटतो. टाटांच्या विमानसेवेला तो मैदानावरच द्यावा लागला. जुहूची जमीन सखल. पावसाळ्यात भरतीचं पाणी आणि वरचं पाणी मिळून तिचा चिखल व्हायचा आणि विमान उतरवणं अशक्य. मग दरवर्षी पावसाळ्यात बाडबिस्तरा पुण्याला, येरवड्याला हलवायचा. सह्याद्रीवर ढग टेकलेले असताना मुंबईकडून पुण्याकडे जाणं म्हणजे काय, हे ज्याने जुलैत खंडाळ्याचा घाट गाडीने ओलांडलाय त्याला सांगायला नको. तरीही टपाल वेळेवर पोचवण्यात या सेवेचा लौकिक होता.

फोनचं एक उदाहरण इथेही देतो. काही फोनमध्ये बॅरोमीटर असतो. हवेचा दाब १ हेक्टोपास्कल कमी झाला की उंची साधारण ३० फूट वाढली असं तो समजतो. विमानाचं उंची दाखवणारं यंत्रही तसंच. आता वादळामुळे मुक्कामाच्या गावी दाबच १० हेक्टोपास्कल कमी असेल आणि पायलटने यंत्र जुन्याच आकड्यावर ठेवलं, तर यंत्र ३०० फूट जास्त उंची दाखवेल. म्हणजे विमान समजुतीपेक्षा ३०० फूट खाली. ढगात. घाटाजवळ. म्हणून उतरण्याआधी रेडिओवर दाबाचा आकडा घेतात आणि परत म्हणून दाखवतात. १९३२ मध्ये जेआरडींकडे तो रेडिओच नव्हता.

पुढचं आयुष्य बहुतेकांना माहीत आहे, म्हणून भराभर सांगतो. १९३८ मध्ये, ३४ व्या वर्षी, ते टाटा समूहाचे प्रमुख झाले. विमानसेवा १९४६ मध्ये एअर इंडिया झाली. ८ जून १९४८ ला मलबार प्रिन्सेस मुंबईहून लंडनला निघालं. १९५३ मध्ये सरकारने विमान कंपन्या ताब्यात घेतल्या. हे त्यांना पटलं नव्हतं, तरी एअर इंडियाचं अध्यक्षपद त्यांनी पुढे २५ वर्षं सांभाळलं, आणि प्रवासात बारीकसारीक खटकलेल्या गोष्टी टिपून ठेवायची सवय सोडली नाही. १९७८ मध्ये मोरारजी देसाईंच्या सरकारने त्यांना पदावरून दूर केलं. मला विचाराल तर ते दुखणं शर्यत हरण्यापेक्षा कितीतरी मोठं होतं. १९९२ मध्ये भारतरत्न मिळालं.

मग आज पेपर कोणते?

भावासाठी थोडक्यात. भारतात लायसन्स देतं ते डीजीसीए. व्यावसायिक पायलट लायसन्ससाठी, म्हणजे सीपीएलसाठी, नेव्हिगेशन, हवामान, हवाई नियम, टेक्निकल जनरल आणि ज्या विमानावर शिकणार त्याचं टेक्निकल स्पेसिफिक, असे पेपर असतात. कॉम्प्युटरवर, पर्यायी प्रश्नांचे. पास व्हायला ७० टक्के. आपल्या बोर्डाचे ३५ विसरा. रेडिओवर बोलण्याची परीक्षा वेगळी असते. वय १८ पूर्ण, २०० तास उड्डाण आणि क्लास वन मेडिकल लागतं. मी हे लिहितोय तोवर बारावीला फिजिक्स आणि गणित हवं असा नियम आहे. नियम बदलत राहतात, म्हणून डीजीसीएच्या साइटवर स्वतः वाचून घ्या, कुणाच्या रीलवर विश्वास ठेवू नका.

एक गोष्ट स्पष्ट बोलायला हवी. जेआरडींच्या घरी पैसा होता. १९२९ मध्ये उडायला शिकणं श्रीमंतांचंच काम होतं, आणि आजही सीपीएलचा खर्च चाळीस-पन्नास लाखांच्या घरात किंवा वर जातो. हा खर्च मुख्यतः उड्डाणाच्या तासांचा आहे. लेखी पेपरांचा त्यातला वाटा फारच लहान. धानोऱ्यात बसून, पुस्तकं आणि फोन एवढ्यावर, वाऱ्याचा त्रिकोण पक्का करता येतो. कर्ज काढायचं की नाही हे ठरवण्याआधी आपल्याला हा विषय झेपतो का, आवडतो का, ते त्यातून कळतं. आणि त्याच्याही आधी मेडिकल करून घ्यायचं. डोळ्यांचा किंवा कानांचा काही अडथळा निघाला, तर तो वर्षभर अभ्यास करून झाल्यावर कळू नये.

जेआरडींनी कराची ते मुंबईचं ते पहिलं उड्डाण पुन्हा दोनदा केलं. १९६२ मध्ये ३० वर्षं झाली म्हणून, आणि १५ ऑक्टोबर १९८२ ला ५० वर्षं झाली म्हणून. दुसऱ्या खेपेला वय ७८. विमान लेपर्ड मॉथ, मार्ग तोच, अहमदाबादवरून जुहू. २९ नोव्हेंबर १९९३ ला जिनिव्हात ते गेले. पॅरिसच्या पेर लाशेज दफनभूमीत त्यांना ठेवलं आहे.

आणि ज्या बॉम्बे फ्लाइंग क्लबात त्यांनी ते ८ काढले, त्या क्लबाचं उड्डाणाचं ट्रेनिंग आता आपल्या धुळ्याला, गोंदूरच्या धावपट्टीवर चालतं. धानोऱ्याहून शंभर-सव्वाशे किलोमीटर. भावाला सांगितलंय, मेडिकल झालं की एक दिवस एसटीने जा, तिथल्या शिक्षकांना भेट, आणि हे पण विचार की तुमच्याकडे मॅग्नेटो तपासताना फेरे किती पडले तर चालतात. गणिताचं उत्तर ११ अंश आलं, त्याने १२ लिहिलं होतं. कुठे चुकलं ते शोधायला लावलंय.